आइन्स्टाइनला ‘धार्मिक’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की ‘धर्माशिवाय विज्ञान पांगळं, विज्ञानाशिवाय धर्म आंधळा’ हे आइन्स्टाइनचं वाक्य मराठीत फिरतं, त्यात रिलिजनला धर्म म्हणणं बरोबर आहे का आणि मग आइन्स्टाइन धार्मिक होता असं लिहिलं तर चालेल का.

माझं मत, धर्म ठेवा, धार्मिक काढा. धार्मिक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आचार येतो, म्हणजे उपासतापास, पोथी, सोवळंओवळं, वारी. ‘सासूबाई फार धार्मिक आहेत’ यातून त्यांना विश्वाबद्दल काय वाटतं ते कुणालाच कळत नाही, त्या चतुर्थीला जेवत नाहीत एवढं नक्की कळतं. आइन्स्टाइन लहानपणी काही काळ खरंच असा होता, घरचे फारसं पाळत नसताना हा एकटा ज्यू धर्माचे नियम कडक पाळायचा, पण विज्ञानाची पुस्तकं वाचून बाराव्या वर्षी ते सगळं संपलं ते कायमचं. 1930 साली त्याने न्यूयॉर्क टाइम्ससाठी धर्म आणि विज्ञान यावर लेख लिहिला, त्यात भीतीतून आलेला धर्म, नीतीचा धर्म आणि त्यापलीकडची तिसरी पायरी सांगितली, जिथे माणसासारखा देवही नाही आणि कर्मकांडही नाही, आहे ते फक्त विश्वातली सुसंगती बघून थक्क होणं. याला ‘वैश्विक धर्मभावना’ हा शब्द मला चपखल वाटतो. अध्यात्म नको, कारण अध्यात्म म्हटलं की लगेच आत्मा, साधना, गुरू, मोक्ष सगळं मागोमाग येतं आणि त्याच्या लिखाणात त्यातलं काही नाही.

आता ते मूळ वाक्य. 1940 साली न्यूयॉर्कच्या एका परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधातलं आहे ते. त्याच्या लगेच आधी तो म्हणतो की सत्य शोधायची ओढ आणि हे जग बुद्धीला कळण्यासारखं आहे ही श्रद्धा धर्माच्या प्रांतातून येते, ती नसलेला खरा वैज्ञानिक मला कल्पनेतही दिसत नाही. आणि त्याच निबंधात पुढे हेही आहे की धर्म आणि विज्ञानाच्या भांडणाचं मुख्य मूळ ‘पर्सनल गॉड’ या कल्पनेत आहे, धर्म शिकवणाऱ्यांनी ती सोडून द्यायचं मोठेपण दाखवावं. फॉरवर्डमध्ये हा भाग कधीच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं, कारण तो भाग गेला की वाक्याचा अर्थ जवळजवळ उलटाच होतो.

हे ‘पर्सनल गॉड’ मराठीत आणताना खूप जण घसरतात. ‘वैयक्तिक देव’ लिहितात, पण मराठी माणूस त्याचा अर्थ ज्याचा त्याचा देव, म्हणजे इष्टदेवता असा घेणार. ‘सगुण’ जवळचा वाटतो पण सगुण म्हटलं की आपण साकार, मूर्ती, विटेवर उभा असलेला असा विचार करतो, आणि आइन्स्टाइनचं भांडण मूर्तीशी नाहीच, ज्यूंच्या देवाला कुठे मूर्ती असते? त्याला पटत नव्हता तो रागावणारा, प्रसन्न होणारा, नवसाला पावणारा, प्रार्थना ऐकून घडणाऱ्या गोष्टींत हात घालणारा देव. 1929 साली हर्बर्ट गोल्डस्टीन या ज्यू धर्मगुरूंनी तार करून विचारलं होतं, देवावर विश्वास आहे का, तर उत्तर दिलं की स्पिनोझा या तत्त्वज्ञाच्या देवावर आहे, जो अस्तित्वाच्या सुसंगतीतून प्रकट होतो, माणसांच्या नशिबाची आणि वागण्याची चिंता करणाऱ्या देवावर नाही. म्हणून मी ‘व्यक्तिरूप देव’ लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘बक्षीस आणि शिक्षा देणारा’ असं जोडीन.

आस्तिक-नास्तिकचंही तसंच, दोन्ही टाळा. तो स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हणवून घ्यायला तयार होता, तोच शब्द वापरा.

राहिलं मूळ इंग्रजी ‘लेम’साठी पांगळं की लंगडं. लंगडं सोपं वाटतं, पण लंगडा निदान लंगडत तरी चालतो. शिवाय आपल्याकडे सांख्य तत्त्वज्ञांचा अंधपंगुन्याय आहेच, पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसून वाट दाखवतो आणि आंधळा चालतो. आइन्स्टाइनच्या वाक्यातही विज्ञानाला डोळे आहेत आणि पुढे जायची ओढ धर्मभावनेकडून येते, मांडणी तंतोतंत जुळते. तेव्हा पांगळंच राहू द्या.