उशीखालची बाकरवडी आणि इतर प्रश्न

सकाळी वॉर्डात राउंडला निघाले की पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत एकच वाक्य कानावर येतं : ‘मॅडम, हे चालेल का?’ या वेळी आलेल्या पत्रांतही बहुतेकांनी तेच विचारलंय. नुसतं ‘चालेल’ किंवा ‘नाही’ म्हणून भागलं असतं तर हॉस्पिटलला आहारतज्ज्ञाची गरजच पडली नसती. म्हणून उत्तरं जरा लांबली आहेत.

सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं जेवण इतकं पांचट की दोन घास खाऊन त्या ताट सरकवायच्या. मी रोज ताजा डबा न्यायला तयार होते, पण परवानगी दिली नाही. हा हट्ट कशासाठी? (डोंबिवली)

पांचट असतं, मान्य. मी रोज चाखते. एकाच पातेल्यातलं वरण हृदयाच्या पेशंटला जातं आणि हाड मोडलेल्या तरुणालाही, म्हणून मीठ बेताचं. त्यात ट्रॉली किचनमधून वरच्या मजल्यांवर पोचेपर्यंत वाफ गेलेली असते. शिवाय भूल आणि अँटिबायोटिकमुळे तोंडाची चव गेलेली असते. तेव्हा सगळा दोष आमच्या आचाऱ्यांच्या माथी मारू नका.

पेशंट भरती झाला की पहिल्या चोवीस तासांत त्याचं वजन, उंची, अलीकडे वजन किती उतरलं, जेवण किती दिवसांपासून कमी आहे, याची नोंद आम्ही घेतो. त्यावरून कॅलरी आणि प्रथिनं ठरतात, खाटेच्या नंबरासह डाएट शीट किचनला जातं. त्या हिशेबात बाहेरचा डबा आला की आमचं गणितच चुकतं.

एक आजोबा होते. दुपारची साखर रोज चढायची. डॉक्टर इन्सुलिन वाढवत गेले, मी भात कमी करत गेले. तिसऱ्या दिवशी चादर बदलताना सिस्टरना उशीखाली बाकरवडीची पुडी सापडली. चार बाकरवड्यांनी आभाळ कोसळत नाही हो. पण वाढवलेला इन्सुलिनचा डोस घेऊन आजोबा घरी गेले असते आणि तिथे सूनबाईंनी कडक पथ्य पाळलं असतं, तर साखर धाडकन खाली आली असती. भीती त्याची होती. आजोबा मात्र शेवटपर्यंत म्हणत होते, ‘माझी नाही ती.’

तुमच्या सासूबाईंसाठी : पूर्वी ऑपरेशननंतर वायू सरेपर्यंत तोंडात थेंब देत नसत. आता पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बहुधा त्याच दिवशी पाणी आणि पेय, दुसऱ्या दिवशी मऊ आहार सुरू होतो. जन्मभर तेल-तूप बंद करायची गरज नसते. पहिले काही आठवडे थोडं थोडं, चार-पाच वेळा आणि तळलेलं टाळून, एवढं पुरतं. आणि पुढच्या वेळी डबा आणण्याआधी वॉर्डातल्या आहारतज्ज्ञाला भेटा. घरची मऊ पोळी, लिंबाची फोड, जिऱ्याची फोडणी दिलेला मऊ भात, यांना आम्ही पुष्कळदा हो म्हणतो. फक्त आधी कळू द्या.

वडिलांचं डायलिसिस गेल्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा सुरू झालंय. घरचे बारा माड आहेत, आयुष्यभर ते रोज शहाळं प्यायले. आता तेवढंच बंद करायला सांगितलंय. नैसर्गिक गोष्ट कशी बाधेल? (रत्नागिरी)

शहाळं बिचारं वाईट नाही. तापात, जुलाबात, उन्हातून आल्यावर ते चांगलंच. पण मध्यम शहाळ्याच्या पाण्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाची किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. वडिलांची किडनी ते करू शकत नाही, त्यामुळे एका डायलिसिसपासून दुसऱ्यापर्यंत ते रक्तात साठत राहतं. दिवसाला साधारण दोन-अडीच हजार मिलिग्रॅमची मर्यादा असेल, तर पाव हिस्सा एका शहाळ्यातच संपला. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान हवं. फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी पेशंटला काही जाणवेलच असं नाही. अंगदुखी नाही, ताप नाही. म्हणून आम्ही एवढा आग्रह धरतो.

घरात आणखी दोन गोष्टी बघा. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. रक्तदाबासाठी हौसेने आणलेली ती पुडी किडनीच्या पेशंटच्या घरात नको. दुसरं, कमरख, म्हणजे स्टार फ्रूट. हे फळ किडनीच्या पेशंटच्या मेंदूवर परिणाम करतं : न थांबणारी उचकी, गोंधळल्यासारखं वागणं, कधी फिट. ते पूर्ण बंद.

भाज्या बंद करू नका. बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या, मग फोडणी द्या. बटाट्यालाही हेच. चव थोडी जाते, पोटॅशियमही बरंच जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : डायलिसिसच्या आधी मिळालेला डाएटचा जुना कागद फाडून टाका. त्यावर प्रथिनं कमी लिहिलेली असणार, डाळ, अंडं, मासे मोजून-मापून. डायलिसिस सुरू झालं की उलट होतं. दर खेपेला थोडी प्रथिनं निघून जातात, म्हणून दिवसाला वजनाच्या दर किलोला एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत लागतात. जुनाच कागद चालवून वर्षभरात दंड काडीसारखे झालेले पेशंट मी पाहते, आणि दर वेळी चिडते. नवा कागद मागून घ्या. सुरमईचा तुकडा किती, ते त्यावर ग्रॅममध्ये लिहून घ्या.

साखर सोडून गूळ खातो. चहाही गुळाचा. बरोबर ना? (सांगली)

चव आवडत असेल तर खा. मधुमेहासाठी म्हणून नको. गूळ मुख्यत्वे साखरच आहे, आणि ‘गूळ आहे ना’ म्हणून लोक चमच्याऐवजी खडा टाकतात.

आईला मधुमेह आहे, वय ६८. श्रावणी सोमवार, एकादशी, चतुर्थी, काही सुटत नाही. साबुदाण्याची खिचडी खाते, पण रात्री एकदा घाम येऊन थरथरली. उपास बंद करायला सांगू का? (नाशिक)

सांगून बंद होणार असतो तर तुम्ही पत्र लिहिलं नसतं. आधी त्या रात्रीबद्दल. घाम आणि थरथर म्हणजे साखर उतरली असणार. उपासाच्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीइतकंच घेतलं आणि रात्री जेवण नाही, असं झालं का? काही गोळ्या पोटात अन्न असो-नसो साखर खाली आणतात, आणि ज्यांच्या नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होतो त्या गोळ्यांवर असताना उपाशी राहणं वेगळ्या कारणाने धोक्याचं आहे. म्हणून औषधांची चिठ्ठी घेऊन श्रावणाच्या आधी डॉक्टरांकडे जा, उपासाच्या दिवसाचा वेगळा डोस लिहून आणा. आणि पुन्हा असं झालं, मशीनवर सत्तरच्या खाली आकडा आला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. साखरेच्या पाण्याने उपास मोडतो का, यावर त्या क्षणी वाद नको.

आता साबुदाणा. तो कंदाचा पिष्टमय भाग, बाकी काही नाही. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. त्यात बटाटा घातला की पिठूळपणा दुप्पट. ताटातली खिचडी सावरतो तो दाण्याचा कूट. म्हणून खिचडी हवीच असेल तर छोटी वाटी, कूट सढळ, बटाटा नाही, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक. त्याहून बरं म्हणजे राजगिऱ्याचं थालीपीठ किंवा भगर आणि दाण्याची आमटी. भगरीला लोक पथ्याची समजतात, पण वाटी ओलांडली की तीही साखर वाढवतेच. भगरीचं सुटं पीठ मात्र विकत आणू नका. ओल धरलेल्या भगरीला बुरशी लागते आणि नवरात्रात विषबाधेच्या बातम्या येतात त्या यातूनच. पाकीटबंद भगर निवडून, धुऊन, लागेल तेवढीच घरी दळा.

माझं हिमोग्लोबिन ९.२. दोन महिने रोज बीटचा रस पितेय, फरक शून्य. (नांदेड, वय ३४)

बीट लाल आहे आणि रक्त लाल आहे, एवढंच त्यांचं नातं. शंभर ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमही नसतं आणि तुम्हाला दिवसाला २९ मिलिग्रॅमची गरज आहे. ९.२ वर नुसत्या आहाराने भागणार नाही, लोहाच्या गोळ्या लागतील. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्या, दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही. शौच काळी होईल, घाबरू नका. आकडा बारावर गेला की गोळी सोडायची नाही, साठा भरायला साधारण आणखी तीन महिने लागतात. आणि पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे डॉक्टरांना सांगा. भोक पडलेल्या हंड्यात कितीही पाणी ओतलं तरी तो भरत नाही.

एक साधा बदल आजपासून : पोह्यांवर लिंबू पिळा आणि सोबतचा चहा तासभर पुढे ढकला. चहातलं टॅनिन लोह अडवतं, लिंबू ते आत घेतं. आपण मात्र दोन्ही एकाच वेळी पोटात ढकलतो.

पक्षाघातानंतर वडिलांना नाकातल्या नळीसह घरी सोडलंय. भाताची पेज, वरणाचं पाणी, फळांचा रस देतो. महिन्यात चार किलो वजन उतरलं. भरपूर देतोय, तरी असं का? (सोलापूर)

भरपूर पाणी देताय. नळीत अडकू नये म्हणून गाळून गाळून पातळ केलेल्या पेजेच्या एका वाटीत पन्नास-साठ कॅलरी निघाल्या तर नशीब. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला साधारण दीड हजार कॅलरी लागतात. म्हणजे नळीतून जाणाऱ्या दर मिलिलिटरला एक कॅलरी हवी : दोनशे मिलि, दिवसातून सात-आठ वेळा.

एका वेळेचा हिशेब देते. दीडशे मिलि दूध, भाजलेल्या डाळ-तांदळाचं वीस ग्रॅम पीठ त्यात शिजवून, एक चमचा तेल, एक चमचा साखर. सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी, आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं. अडचण अशी की हे दाट होतं. इथे आपली नाचणी कामाला येते. मोड आणून, वाळवून, दळलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ त्या गरम खिरीत ती जरा निवल्यावर ढवळा. मोडांमुळे तयार झालेलं पाचक द्रव्य पिष्ट तोडतं, काही मिनिटांत खीर सरसरीत होते. मग एक उकळी, बारीक गाळणीतून गाळणं, आणि कोमट झाल्यावर नळीत. पाणी घालून पातळ केलं असतं तर कॅलरीही पातळ झाल्या असत्या, इथे तसं होत नाही. वडिलांना मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र ही कृती तशीच वापरू नका, तुमच्या हॉस्पिटलला फोन करा.

देताना पाठ अर्ध्याहून जास्त टेकवून उठवलेली हवी, आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास तशीच. आडवं करून दिलेलं अन्न छातीत जाऊ शकतं. दर वेळी आधी नाकाजवळची नळीवरची खूण जागेवर आहे ना ते बघा. आधी आणि नंतर तीस मिलि साधं पाणी सोडा. गोळ्या अन्नात मिसळू नका, वेगळ्या कुटून पाण्यातून द्या, आणि कुठल्या कुटायच्या नाहीत ते फार्मासिस्टला विचारा. सोलापूरच्या उन्हाळ्यात एकदम दिवसभराचं करून ठेवू नका. दर आठवड्याला वजन घ्या. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा.

मुलगी बारावी सायन्सला आहे. आहारतज्ज्ञ व्हायचं म्हणते. समाजमाध्यमांवर तीन महिन्यांच्या कोर्सच्या जाहिराती दिसतात. (पुणे)

तीन महिन्यांत वजन उतरतं, डायटेटिक्स येत नाही. अन्न व पोषण विषयातली पदवी, त्यावर पदव्युत्तर शिक्षण, मग हॉस्पिटलातली सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डायटिशियन) परीक्षा, हा रुळलेला रस्ता. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यसेवेतल्या ज्या संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला, त्यांत आहारतज्ज्ञही आहेत. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का ते तपासाच.

पण तिला एक विचारा : एका वाटीत किती ग्रॅम डाळ असते? वजनकाटा आणा, तुमच्या घरच्या पातळ वरणासाठी कच्ची डाळ मोजायला लावा, आणि माणशी किती आली ते तिचं तिलाच काढू दे. बहुतेक घरांत पंधरा-वीस ग्रॅम येते, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेचार ग्रॅम प्रथिनं. तो आकडा बघून ती दुसऱ्या दिवशी स्वतःहून आजीचं ताट मोजायला बसली, तर फॉर्म भरा.