मुलगा निपाणीचा, तारीख कोल्हापूरला

प्रश्न : आमच्या सोळा वर्षांच्या पोराला मोबाइल चोरीवरून कागलात पकडलं. हमीवर सोडलंय, पण तारखेला कोल्हापूरला जाताना शाळा बुडते. त्यात दाखल्यावर जन्म १ जूनचा, पालिकेच्या उताऱ्यावर ऑगस्टचा. बरोबरचा एकवीस वर्षांचा मुलगाच त्याला चोऱ्या करायला लावायचा. काय करावं?

उत्तर : बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९५ खाली मुलाला कागदपत्रांसह त्याच्या जिल्ह्याकडे, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगावला वर्ग करता येतं, पण चौकशी संपून अंतिम आदेश झाल्यावरच. तोवर कलम ९१ खाली कोल्हापूरच्या बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे अल्पवयीनांची चौकशी करणाऱ्या मंडळाकडे, अर्ज द्या, की मुलाची हजेरी गरजेची नसेल त्या तारखांना त्याला सूट द्यावी. सोबत रहिवासाचा पुरावा आणि शाळेचं हजेरीपत्र लावा. कन्नड कागदांचा मराठी तर्जुमा जोडा. त्यातली नावं तपासून घ्या : कन्नडातून येताना आडनावाचं एखादं अक्षर बदलतं आणि सुनावणीची तारीख पुढे जाते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं.

जन्मतारखेचा वाद उकरू नका. कलम ९४ नुसार शाळेचा दाखला आधी धरतात, पालिकेचा उतारा तो नसेल तर. शिवाय दोन्ही तारखांनी मुलगा अठराच्या आतच. सोळा पूर्ण झाल्याचा, म्हणजे प्रौढासारखा खटला चालवायचा का हा प्रश्न फक्त अतिगंभीर (किमान सात वर्षं शिक्षेच्या) गुन्ह्यात येतो. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा, म्हणजे हा किरकोळ गुन्हा. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढ. तरीही न संपल्यास प्रकरण बंद होतं. म्हणून पहिल्या हजेरीची तारीख लिहून ठेवा.

खरा मुद्दा त्या एकवीस वर्षांच्या मुलाचा. परिविक्षा अधिकारी (मुलाची घरची परिस्थिती पाहून मंडळाला कळवणारे) सामाजिक तपासणी अहवालासाठी घरी येतात तेव्हा पालक चहा पुढे करून ‘पोरगं गुणाचं, संगत चांगली’ एवढंच सांगतात. तसं करू नका. कोण बोलवायचं, मोबाइल कुठे विकले जायचे, पैसे कोण ठेवायचं, सगळं सांगा. मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्या प्रौढाला कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. पुन्हा त्याच संगतीत सापडला तर जामीन मिळणंही अवघड.

प्रश्न : गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय.

उत्तर : कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा प्रसारमाध्यमांत किंवा संपर्काच्या इतर माध्यमांत उघड करणं गुन्हा : सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग अॅडमिनला पोस्ट काढायला लावा. रागाच्या भरात तोच फोटो पुढे पाठवू नका.