"मॅडम, एआयची स्कॉलरशिप कुठे भेटते?"

जळगावात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांचा हाच प्रश्न असतो. वैशाली (नाव बदललंय) आली ती वडिलांना घेऊन, चोपड्याहून सकाळच्या एसटीनं. एम.एस्सी. कॉम्प्युटर झालेली. प्रोजेक्टसाठी तिनं घरच्याच बागेतल्या केळीच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले होते आणि करपा रोग ओळखणारं एआय मॉडेल बनवलं होतं. सावलीतल्या पानावर ते हमखास चुकायचं. ते का चुकतं, याचाच तिला नाद लागला होता.

तिचे वडील, आप्पा, खुर्चीच्या कडेला टेकलेले. "पोर हुशार शे. पन आते पैसा कथाईन आनू?"

खिशातून चार घड्यांचा कागद निघाला. कुणा एजंटाचा. 'एआय स्कॉलरशिप, प्रोसेसिंग फी ₹१५,०००.' भरायला ते तयारही होते. मी कागद ठेवूनच घेतला. परीक्षेच्या अर्जाला फी असते, ती आपण थेट भरतो. मधल्या माणसाचं काय काम?

पोरं 'एआय' हा शब्द असलेली शिष्यवृत्ती शोधतात, तिथेच गाडी अडते. संशोधनाचा पैसा बहुतेक वेळा सीटबरोबर येतो आणि एआय कॉम्प्युटर सायन्समध्येच धरलं जातं. गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची देशभरातली परीक्षा, पास होऊन एम.टेक.ला लागलं तर महिना ₹१२,४००, दोन वर्षं. आता गेटमध्ये डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आहे, २०२४ पासून. स्कोअर तीन वर्षं चालतो. पीएच.डी.ला नेट परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ₹३७,०००, नंतर ₹४२,०००, शिवाय घरभाडं. पंतप्रधान रिसर्च फेलोशिपचे ₹७०,००० ऐकून आप्पा सावरून बसले, पण तिथली चाळणी फार बारीक. त्यावर भरवसा ठेवून घर चालवू नये. पीएच.डी.ला नाव नोंदवल्यावर महाज्योती, सारथी, बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही आहेत, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे. त्यांच्या जाहिरातींवर मात्र डोळा ठेवावा लागतो.

एक गोष्ट मी मुद्दाम दोनदा सांगितली. पैसे वेळेवर येत नाहीत. पहिले तीन-चार महिने मेस आणि खोलीभाडं घरूनच द्यावं लागेल, तेवढे बाजूला काढा. आप्पांनी बोटांवर हिशोब केला. "म्हंजे एक गाडी केळी," ते म्हणाले.

पहिल्या वर्षी गेट हुकली. मला वाटलं, आता लग्नाचं बघतील. दुसऱ्या फेब्रुवारीत पास झाली, एम.टेक.ला लागली. स्टायपेंड चौथ्या महिन्यात आला.

त्या दिवशी आप्पांचा फोन. पोरगी पाच हजार घरी पाठवते म्हणते, घ्यू का?

म्हटलं, आधी तिला मेसचं बिल विचारा.