लघुकर्जाने सावकाराचा फास खरंच सुटतो, की फक्त कर्ज देणारा बदलतो?

तुमच्याकडे भाजी घालणाऱ्या ताई सावकाराकडून रोज उचल घेतात, त्यांना बचत गटात पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर पाठवा. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि सहा वर्षं एका महिला बचत गटाची वही लिहिते.

आमच्या गटातल्या एकीची खंडेराव मार्केटजवळ भाजीची लारी, म्हणजे हातगाडी आहे. सावकार सकाळी 1,000 लिहून हातात 900 ठेवायचा, रात्री पुरते 1,000 घ्यायचा. ‘शंभरच तर जातात,’ असं त्या म्हणायच्या. मी त्यांच्यासमोर मोजलं. धंद्याचे 25 दिवस, म्हणजे 2,500 रुपये, आणि एवढं देऊनही दुसऱ्या दिवशी भांडवल परत उसनंच. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘काकू, आणखी एकदा मोजा.’

गटाने त्यांना 3,000 दिले. महिना 2 टक्के, तेही उरलेल्या रकमेवर. मुद्दलाचा हप्ता 500. सहा महिन्यांत एकूण व्याज झालं 210 रुपये. सावकाराकडे जवळजवळ एवढे दोन दिवसांत जात होते!

1976 साली मोहम्मद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना, ज्यांनी पुढे गरिबांना लघुकर्ज देणारी ग्रामीण बँक काढली, बांगलादेशातल्या जोब्रा गावात हेच दिसलं. बांबूची स्टुलं विणणाऱ्या बाईला बांबूपुरते पैसे व्यापारी द्यायचा, पण तिने माल त्यालाच विकायचा, तोही तो सांगेल त्या भावाने. मला वाटतं, व्याजापेक्षा ही अट माणसाला जास्त पिळते. अशा 42 जणांना सोडवायला सगळे मिळून 27 डॉलर पुरले. आणि लांब कशाला, आपल्या बडोद्यातच विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी 1889 मध्ये अन्योन्य सहाय्यकारी मंडळी ही सहकारी पतसंस्था काढली होती. अहमदाबादची सेवा बँक, म्हणजे कष्टकरी बायकांची सहकारी बँक, 1974 मध्ये 4,000 बायकांनी दहा-दहा रुपये घालून उभी केली.

मात्र कर्जावर कर्ज चढलं की हाच मार्ग गळ्याशी येतो. आमच्यातल्या एकीने लघुकर्ज देणाऱ्या एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढलं आणि शेवटी घरातला मिक्सर विकला. ती वही माझ्याच हातात होती, मी वेळेवर विचारायला हवं होतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पण सावकाराची उचल कुठल्या कागदावर नसते, ती तुम्हालाच विचारून घ्यावी लागेल.

ताईंना आधी दोन-तीन महिने नुसती बचत करू द्या, मग पहिलं कर्ज रोजच्या भांडवलासाठीच घ्यायला सांगा. आणि हे लारीवर बोलू नका, गिऱ्हाईक उभं असतं. दुपारी घरी बोलवा, वही-पेन घेऊन शेजारी बसा.