दोन ठिपक्यांमधली रिकामी जागा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

शाळकरी मुलांच्या वजनासाठी तू आठवड्यातून एक दिवस वेगळी ओपीडी सुरू करते आहेस, हे तुझ्या पत्रातून वाचून मनापासून आनंद झाला. तू विचारले आहेस की, इतकी वर्षे उलटल्यावरही पालक ‘कोरोनापासून हा असा झाला’ असे सांगतात तेव्हा ते कितपत खरे मानावे, आणि उपचाराला सुरुवात कोठून करावी. माझ्या अनुभवात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले, त्याच महिन्यात आठवीतल्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. शाळेची जुनी पँट कमरेला लागेना आणि त्याच्या वयाच्या मापाची नवी मिळेना, म्हणून दुकानदाराने मोठ्या माणसाची पँट खालून कापून दिली होती. त्याच्या वाढीच्या तक्त्यावर शेवटचा ठिपका फेब्रुवारी २०२० चा होता, नवा मी त्या दिवशी दिला, आणि मधले वीस महिने कागदावर कोरे होते. मानेच्या मागे काळसर, मखमलीसारखी जाड झालेली कातडी होती. आई ती रोज डाळीचे पीठ आणि लिंबू लावून घासत होती आणि त्यामुळे ती लाल झाली होती. तो मळ नाही, शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ती खूण आहे, हे मी तिला समजावले आणि मग एक मोठी चूक केली. छापील आहारतक्ता त्याच्या हातात दिला, तळलेले व गोड बंद करायला सांगितले आणि महिन्याने बोलावले. मी बोलत असताना तो पूर्ण वेळ फरशीकडे पाहत होता. ते आठ महिन्यांनी आले, तेव्हा वजन आणखी वाढले होते.

पहिल्या दिवशी जे विचारायला हवे होते ते मी त्या दिवशी विचारले. टाळेबंदीच्या आधीचा तुझा एक दिवस मला सांग, असे म्हटले. तो दोन मित्रांबरोबर वीस मिनिटे चालत शाळेत जात असे, मधल्या सुट्टीत पकडापकडी, संध्याकाळी मैदान आणि साडेसातला घरी. टाळेबंदीत नऊच्या तासाला तो पावणेनऊला उठून अंथरुणातच मोबाइल उघडू लागला. कॅमेरा बंद, शेजारी वेफर्सचा पुडा. घरात उडी मारली की खालच्या मजल्यावरचे ओरडत, म्हणून तेही थांबले. शाळा पुन्हा सुरू झाली तोवर एका मित्राचे कुटुंब गावी परतले होते आणि वडील त्याला स्कूटरवर सोडू लागले होते. मैदानावर तो एकदा गेला, पण दोन फेऱ्यांत धाप लागली आणि मुलांनी नाव ठेवले, त्यानंतर गेला नाही. त्या मुलाने खाण्याचा लोभ वाढवला नव्हता. त्याचा दिवस त्याच्या हातून काढून घेतला गेला होता आणि परत देताना अर्धाच दिला गेला होता. तुला माझे सांगणे एवढेच आहे की, वजनकाट्याकडे जाण्याआधी मुलाचा दिवस विचार.

हे माझ्या एका रुग्णावरून काढलेले अनुमान नाही. इटलीत व्हेरोना येथे मार्च २०२० च्या टाळेबंदीला तीन आठवडे झाले असताना, आधीपासूनच लठ्ठपणासाठी देखरेखीखाली असलेल्या ४१ मुलांची चौकशी करण्यात आली. आदल्या वर्षीच्या तुलनेत त्यांचा खेळाचा वेळ आठवड्याला दोन तासांहून अधिक घटला होता, पडद्यासमोरचा वेळ दिवसाला जवळजवळ पाच तासांनी वाढला होता, वेफर्स आणि गोड पेये वाढली होती. भाजी मात्र कमी झाली नव्हती. या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष दे. घरच्या ताटातून चांगले अन्न गेले नव्हते. दुपार मोकळी झाली होती आणि त्या मोकळ्या दुपारी तोंडात काहीतरी जात होते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास २ ते १९ वर्षांच्या ४,३२,३०२ मुलांचा होता आणि त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, वाढण्याचा वेग महामारीत जवळपास दुप्पट झाल्याचे दिसले. निरोगी वजनाची मुले आधी वर्षाला सरासरी दीड किलो वाढत होती, ती अडीच किलोच्या आसपास वाढू लागली. मध्यम लठ्ठपणा असलेल्या मुलांचा आकडा सुमारे तीन किलोंवरून साडेपाच किलोंच्या जवळ गेला आणि तीव्र लठ्ठपणा असलेल्यांचा चारवरून साडेसहाच्या वर. म्हणजे महामारीने सगळ्यांना सारखे ढकलले नाही. जे आधीच उतारावर होते ते अधिक वेगाने घसरले. म्हणून ‘सगळ्यांचेच वजन वाढले होते’ असे म्हणून तुझ्या ओपीडीतल्या मुलाला सोडून देऊ नकोस.

इंग्लंडमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांचे वजन दरवर्षी मोजले जाते. तेथे पहिल्याच वर्गातल्या, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये लठ्ठपणा २०१९-२० मधील ९.९ टक्क्यांवरून पुढच्याच वर्षी १४.४ टक्क्यांवर गेला, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांमध्ये २१ वरून २५.५ टक्क्यांवर. त्या वर्षी शाळा बंद राहिल्याने नेहमीपेक्षा बरीच कमी मुले मोजली गेली, हे ध्यानात ठेव. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्याच्या पुढचे वर्ष: शाळा भरू लागल्यावर लहानांचा आकडा १०.१ पर्यंत उतरला, मोठ्यांचा मात्र २३.४ पर्यंतच. चार वर्षांच्या मुलाला मैदानावर सोडले की ते आपसूक पळते. अकरा वर्षांच्या मुलाला लाज कळू लागलेली असते.

येथे एक सावधगिरीची सूचना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलेले दिसते आणि भाषणांमध्ये ते हमखास कोरोनाच्या नावावर टाकले जाते. आपल्या राज्यातील पाहणी पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०१९ च्या जूनपासून जानेवारी २०२० पर्यंतच्या काळात झाली होती. ती वाढ महामारीच्या आधीची आहे. उतार आधीपासून होता, हे पालकांनाही सांगत जा, नाहीतर महामारी संपली म्हणजे प्रश्न संपला असे त्यांना वाटते.

शाळेचा दिवस मुलाला सांभाळतो, हे आपण फार उशिरा ओळखले. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांचा बीएमआय शाळेच्या दिवसांपेक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीत अधिक वेगाने वाढतो असे आढळले होते. शाळेत डबा ठरल्या वेळी उघडतो, खाण्याच्या दोन वेळांत तास असतात, आणि पी.टी.चा तास गणिताच्या सरांनी घेतला तरी जिने, रांगा, मधली सुट्टी एवढी हालचाल तरी होतेच. महामारीने ती उन्हाळ्याची सुट्टी दीड-दोन वर्षे लांबवली, शिवाय त्या सुट्टीतले अंगणही काढून घेतले. २०२० च्या मे महिन्यातील केंद्राच्या सूचनांत दहा वर्षांखालच्या मुलांनी घरातच राहावे असे होते. पुढे निर्बंध सैल झाले तरी कितीतरी सोसायट्यांनी खेळायच्या जागेचे कुलूप काढले नाही. ज्यांचे घरच एका खोलीचे, त्यांच्याबद्दल तर काय लिहावे?

आता कामाचे. मुलाला पडद्याआड, एकट्याला मोज आणि आकडा मोठ्याने उच्चारू नकोस. बाहेर बसलेल्या दुसऱ्या मुलाने ऐकला तर तो शाळेत पोचतो. तक्ता भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा वापर, कारण त्यात अतिवजनाची रेषा प्रौढांच्या २३ आणि लठ्ठपणाची २७ बीएमआयशी जुळवलेली आहे; आपल्या मुलांच्या अंगात त्याच वजनाला पाश्चात्त्य मुलांपेक्षा चरबी अधिक असते. रक्तदाब न चुकता घे, मान पाहा, गरजेप्रमाणे रक्त तपास.

मग खुर्ची टेबलापासून थोडी दूर घे आणि दिवस विचार: तेव्हाचा आणि आत्ताचा. त्या दोन दिवसांतले जे हरवले आहे, त्यातली सर्वांत सोपी एक गोष्ट परत मिळवून दे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा खेळ किंवा व्यायाम सांगते. पण दोन फेऱ्यांत धापणाऱ्या मुलाला पहिल्याच भेटीत साठ मिनिटे सांगितलीस तर तू त्याला परत मैदानावरच्या त्या मुलांसमोर उभे करशील. माझ्या त्या मुलाला आम्ही फक्त शाळेतून घरी चालत यायला सांगितले, आणि पहिले पंधरा दिवस वडील स्कूटर घरी ठेवून बरोबर चालले. मैदान त्याने पाच महिन्यांनी स्वतःहून मागितले. बहुतेक वाढत्या मुलांना वजन उतरवावे लागत नाही. उंची वाढेपर्यंत ते स्थिर राहिले तरी पुष्कळ असते, हे आईला तक्त्यावर बोट ठेवून दाखव.

आजीला रागावू नकोस. ‘खात्यापित्या घरचा आहे’ असे म्हणताना तिला तिच्या लहानपणीची उपासमार आठवत असते. तिच्या हातच्या भाकरीवर तुझे काही म्हणणे नाही, दुपारी चार वाजता उघडणाऱ्या पुड्यावर आहे, एवढे आदराने सांगितलेस तर घरात तुझी बाजू तीच धरेल. साधारणपणे धरते.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा पहिल्या दहा मुलांचे तक्ते घेऊन ये. प्रत्येकावर फेब्रुवारी २०२० च्या आधीचा ठिपका मिळतो का ते शाळेच्या जुन्या आरोग्यपत्रकांत शोध. नाही मिळाला तर आईला त्या वर्षीच्या गणवेशाचे माप विचार. बहुतेक आयांना ते आठवते.

तुझी,
बाई