बूट नेमका कुठे चावतो?

प्रश्न : मी नाशिकला राहतो, वय ४४. आमच्याकडच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून मला लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा नाद लागला आणि आता दर हंगामात २०० व ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) करतो. गेल्या वर्षी ओव्हनमध्ये तापवून पायाला बसवता येतात म्हणून बॉन्ट कंपनीचे सायकलिंग बूट घेतले. सत्तर-ऐंशी किलोमीटर झाले की डाव्या पायाची बाहेरची कड इतकी ठणकते की कसारा घाटात सायकल उभी करून बूट काढावा लागतो. सूचना वाचून घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) एकदा तापवून पाहिले, पण फरक पडला नाही. एक नंबर मोठा बूट घ्यावा का?

उत्तर : नवा बूट घेण्याची घाई कृपया करू नका. आपले दुखणे एकाच पायाला आहे आणि ते बोटांच्या टोकांना नसून बाहेरच्या कडेला आहे. लांबीला कमी पडणारा बूट सहसा बोटांच्या टोकांशी त्रास देतो. आपला बूट बहुधा लांबीला योग्य आहे आणि एका जागी चावतो आहे. अशी एकच जागा सुधारण्यासाठीच हे तापवण्याचे तंत्र आहे. युरोपीय मापात एक नंबर वाढला की बुटाची लांबी साडेसहा मिलिमीटरांहून थोडी जास्त वाढते. तेवढी वाढवून आपली कड सुटेलच असे नाही, मात्र टाच बुटात वरखाली होऊ लागेल आणि आज नसलेला त्रास मागे लागेल.

तरीही खात्रीसाठी मापे घ्या. संध्याकाळी, पाय दिवसभराच्या वावराने थोडे फुगलेले असताना, सायकल चालवताना घालता तेच मोजे घालून भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल अगदी उभी धरून खुणा करायला सांगा. स्वतः वाकून खुणा केल्या तर भार सरकतो आणि माप चुकते. लांबीबरोबर चवड्याची रुंदीही मोजा. दोन पायांत तीन-चार मिलिमीटरांचा फरक निघाला तर त्यात काही वावगे नाही, पण मग बूट मोठ्या पायाच्या मापानेच घ्यायचा असतो. लहानपण अनवाणी किंवा चपलेत गेलेल्या आपल्यापैकी अनेकांचा चवडा पसरट असतो. आपला चवडा खरोखरच बुटाहून बराच रुंद निघाला, तर नंबर न वाढवता त्याच लांबीचा रुंद साच्याचा बूट घ्यावा. ही कंपनी तसे बूट बनवते.

आता मुख्य मुद्दा. साध्या सायकलिंग बुटात कडक भाग म्हणजे तळाची पट्टी, आणि तिच्या वर मऊ चामडे किंवा कापड. बॉन्टच्या बुटात कार्बनचा तळ पसरट वाडग्यासारखा असतो आणि त्याच्या कडा पावलाच्या बाजूंनी वर चढलेल्या असतात. पाय या वाडग्यात नीट बसला तर पेडलवरचा जोर वाया जात नाही, पण कडेची रेघ हाडावर आली तर कितीही किलोमीटर चालवा, ती सैल पडत नाही. चामडे वापराने सैलावते, कार्बन सैलावत नाही. करंगळीच्या मुळाशी एक हाड बाहेर येते आणि पावलाच्या बाहेरच्या कडेवर, साधारण मध्यावर, दुसरा उंचवटा हाताला लागतो. आपल्या पत्रावरून या दोहोंपैकी एक जागा असावी असे वाटते, पण अंदाजावर बूट तापवू नये. ती जागा आधी नेमकी शोधावी.

त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. जिथे दुखते तिथे मोज्यावर बोटाने चाचपून लिपस्टिकचा ठिपका द्या, किंवा पाण्यात कालवलेले थोडे कुंकू लावा. पाय सावकाश बुटात घालून पट्टे आवळा, क्षणभर टाच मागे दाबून धरा आणि पाय तसाच सरळ बाहेर काढा. बुटाच्या आतल्या अंगाला लाल खूण उमटलेली दिसेल. ती कार्बनच्या कडेवर असेल तर पुढचे वाचा. ती कडेच्या वर, मऊ भागावर असेल तर ओव्हनचा काही उपयोग नाही, कारण उष्णतेने मऊ होते ते कार्बनचे धागे जोडून ठेवणारे रेझिन, वरचे आवरण नव्हे. तिथे पट्टा सैल करणे किंवा पातळ इनसोल (बुटाच्या आत घालायची तळव्याची गादी) घालणे एवढाच उपाय उरतो.

आपला पहिला प्रयत्न का फसला असावा? माझा संशय ओटीजीवर आहे. कंपनीची सूचना ७० अंश सेल्सिअस आणि २० मिनिटे अशी आहे, आणि माझ्या घरच्या ओटीजीच्या बटणावर सर्वांत खालचा आकडाच १०० आहे. पुष्कळांच्या घरी हीच स्थिती असते. मग लोक अंदाजाने बटण थोडे फिरवतात. आतली कांब लाल होऊन विझते, हवा कधी ५० अंश तर कधी ९० अंश असते, आणि बूट एक तर मऊच होत नाही किंवा तळाचा गोंद सुटू लागतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक विकत मिळतो. तो घेतल्याशिवाय बूट आत ठेवू नका. ओव्हन रिकामा असतानाच ७० अंशांवर स्थिर होतो का ते अर्धा तास पाहा. होत नसेल तर ज्यांच्याकडे कमी तापमानाचा कन्व्हेक्शन ओव्हन आहे त्यांच्याकडे जा. बूट कांबीच्या जवळ येऊ देऊ नका, आणि मायक्रोवेव्हच्या लहरींवर तो कधीही तापवू नका. हॉट एअर गनही हातात घेऊ नका. तिची हवा काही क्षणांत कित्येक शे अंशांवर जाते आणि ती कुठे किती लागली ते समजत नाही.

वीस मिनिटांनी बूट बाहेर काढा आणि फडक्याने धरून कडेवर अंगठ्याने दाबा. ती किंचित दबली पाहिजे. दबत नसेल तर तो अजून तयार नाही, तसाच पाय घालण्यात अर्थ नाही. दबली, तर आतून हात फिरवून अस्तर पायाला सोसेल इतपत आहे ना ते पाहा आणि नेहमीचा मोजा, नेहमीचे इनसोल यांसह बूट घाला. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात ठेवा, टाच मागे रेटा, पट्टे नेहमीपेक्षा किंचित घट्ट आवळा आणि दोन्ही हातांनी कडा पावलाशी दाबून धरा. बूट पूर्ण थंड होईपर्यंत उभे राहायचे नाही. मऊ झालेल्या तळावर अंगाचा भार पडला तर बूट पसरतो आणि कमानीचा आधार बिघडतो. पुष्कळांची चूक नेमकी इथेच होते.

आपल्या बाबतीत एवढ्याने भागणार नाही. पाय कडेला बाहेर ढकलतो तो अगदी थोडा, आणि आपल्याला त्या एका जागी दोन-तीन मिलिमीटर जास्त हवे आहेत. म्हणून बूट थंड झाल्यावर पुन्हा तापवा, आणि या वेळी पाय घालण्याआधी लाल खुणेच्या जागी आतून लाटण्याची गोल मूठ टेकवून सावकाश बाहेर दाबा. कंपनी यासाठी स्क्रूड्रायव्हरची मूठ सुचवते, पण घरात लाटणे हाताशी असते आणि त्याचे टोक अधिक गुळगुळीत असते. कड थंड होईपर्यंत दाब सोडू नका. हे काम एका बैठकीत उरकण्याची गरज नाही. बूट पुन्हा पुन्हा तापवता येतो, फक्त प्रत्येक वेळी तापमान मोजलेले असावे. आज थोडे करा, ३० किलोमीटर चालवा, मग ६०, आणि खूण पुन्हा घेऊन पाहा. बीआरएमच्या आदल्या दिवशी मात्र बुटाला हात लावू नका. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास असतात आणि उन्हात तेवढ्या वेळात पाय फुगतो. घरी बरोबर वाटलेला बूट शंभराव्या किलोमीटरला काय सांगेल ते आधी कळलेले बरे.

प्रश्न : माझे शिमानो कंपनीचे कस्टम-फिट (पायाच्या आकाराला बसवून घ्यायचे) बूट आहेत, दुसऱ्याकडून घेतलेले. तेही घरी तापवता येतील का? दोन्ही तळव्यांना, बोटांच्या मागे, तासाभरात मुंग्या येतात. (कोल्हापूर)

उत्तर : घरी नाही. त्या पद्धतीत इनसोल आणि बुटाचा वरचा भाग खास ओव्हनमध्ये तापवून, पाय आत असताना बुटाभोवती पिशवी बांधून पंपाने हवा ओढून घेतात. हे काम ती यंत्रणा असलेल्या दुकानातच होते. पण तेवढा प्रवास करण्याआधी क्लीट, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारा तळाचा तुकडा, पाहा. मुंग्या दोन्ही पायांना आणि चवड्याखाली येत असतील तर क्लीट फार पुढे बसवलेली असण्याची शक्यता मोठी आहे, कारण तसे असले की पेडलचा सगळा दाब बोटांच्या मुळांवर आणि तिथल्या नसांवर येतो. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाची हाडे बुटावरून चाचपून खुणा करा आणि क्लीटचा मध्य त्या दोन खुणांच्या दरम्यान आणा. आधीच्या जागेभोवती पेनने रेघ मारून ठेवा, म्हणजे परतीची वाट राहील. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच मागे घ्या. पुढच्या पट्ट्याचा ताणही कमी करून पाहा. चवड्यावरचा पट्टा घट्ट ओढण्याने जोर वाढत नाही. टाच धरून ठेवायला वरचा पट्टा पुरेसा असतो.

प्रश्न : माझे वय ५९, बारा वर्षे मधुमेह आहे, रोज सकाळी ३० किलोमीटर सायकल चालवतो. मुलगा असे तापवून बसवायचे बूट भेट देणार आहे. घ्यावेत का? (पुणे)

उत्तर : आपली सायकल सुटू नये अशीच माझी इच्छा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. वर सांगितलेल्या सगळ्या कृतीत ‘सोसेल इतपत गरम’ हे पायालाच ठरवावे लागते, आणि मधुमेहात ही जाणीव नकळत कमी झालेली असू शकते. भाजले तरी कळत नाही, कडेने कातडी घासली तरी कळत नाही, आणि अशी लहान जखम भरायला महिने लागू शकतात. पायाची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्या. ती तपासणी काही मिनिटांची असते. संवेदना पूर्ण चांगली असल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत तापलेल्या बुटात पाय घालू नका. मुलाला रुंद चवड्याचा, मऊ आवरणाचा साधा सायकलिंग बूट आणायला सांगा, दुकानात संध्याकाळी स्वतः जाऊन घालून पाहा, आणि रोज घरी आल्यावर मोजे काढून दोन्ही तळवे उजेडात, गरज पडल्यास आरसा जमिनीवर ठेवून, नीट पाहत जा.