फर्ग्युसनची रायफल इतकी सरस होती, तर ब्रिटिश फौजेने ती का टाकली?

पॅट्रिक फर्ग्युसन कोण आणि त्याची रायफल फौजेत का रुजली नाही, असं तुम्ही विचारलंय. (पुण्याच्या कॉलेजचा फर्ग्युसन तो नव्हे. तो जेम्स, मुंबईचा गव्हर्नर, शंभर वर्षांनंतरचा.)

हा स्कॉटलंडचा, जन्म १७४४. पंधराव्या वर्षी घोडदळात शिरला. १७६८ मध्ये ७०व्या पायदळ पलटणीतलं कॅप्टनपद विकत घेतलं. पायदळातल्या कॅप्टनपदाचा सरकारी दर तेव्हा १५०० पौंड होता.

ठासणीच्या रायफलीत गोळी गजाने ठोकत खाली न्यावी लागे. मिनिटाला जेमतेम एक बार. फर्ग्युसनच्या रायफलीत नळीच्या मागच्या टोकाला उभं मळसूत्र होतं आणि चापाभोवतीचं कडं हाच त्याचा दांडा. कडं एक वेढा फिरवलं की मळसूत्र खाली उतरून वर भोक उघडतं. नळी किंचित पुढे झुकवून आधी गोळी सोडायची, ती घरंगळत नळीतल्या पिळाच्या चरांपाशी अडते. मागे दारू ओतायची, कडं उलटं फिरवायचं. जास्तीची दारू वरून सांडते. मग रंजक, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू. हे सगळं आडवं पडूनही जमतं. १ जून १७७६ ला लंडनजवळच्या वुलिचला वादळी पावसात त्याने एका मिनिटात सहा बार काढून दाखवले, चालता चालता मिनिटाला चार.

कल्पना मूळ त्याची नाही. मळसूत्राची बंदूक आधीही होती, पण काजळी आट्यांत बसून ते जाम होई. त्याने काजळी जायला मळसूत्रावर खाचा ठेवल्या. खरी कमजोरी लाकडात: कुलपापाशी (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रापाशी) दस्ता इतका कोरलेला की तिथेच तडकायचा.

‘जनरलांनी आकसाने दडपली’ ही लोकप्रिय कथा मला पटत नाही. एकूण शंभरेकच रायफली बनल्या, त्याही बर्मिंगहॅमच्या चार कारागिरांत वाटून. एवढ्या बारीक आट्यांचं हातकाम हजारोंनी कोण करणार? त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, ११ सप्टेंबर १७७७ ला ब्रँडिवाइनच्या लढाईत त्याचा उजवा कोपर फुटला आणि या रायफली वापरणारी त्याची तुकडी मोडली. त्याच दिवशी एका पाठमोऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यावर आपण गोळी झाडली नाही, असं त्याने स्वतः लिहिलंय. तो अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टनच होता, हे मात्र सिद्ध नाही.

पुढे तो डाव्या हाताने लिहायला, तलवार चालवायला शिकला. ७ ऑक्टोबर १७८० ला अमेरिकेतल्याच किंग्ज माउंटन टेकडीवर त्याच्या हाताखाली ब्रिटिश राजाशी निष्ठ अमेरिकनच होते, बहुतेकांकडे साध्या संगिनीच्या बंदुका. झाडांआडून चढणाऱ्या बंडखोर अमेरिकन रायफलवाल्यांनी तासाभरात टेकडी घेतली. फर्ग्युसनला अनेक गोळ्या लागल्या, तो तिथेच पडला.